मुलगा सांभाळ करतो

९ जानेवारी २०२५, गुरुवार

कंपनीच्या डीलरनं दिलेली ही डायरी मी बायकोला, शिल्पाला, किराण्याच्या याद्यांसाठी देणार होतो. आता देत नाही. मलाच तिची गरज आहे.

मायचा निराधार पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला. पत्र गावी आलं, मायच्या शेजारच्या तोताराम आबांनी फोटो काढून पाठवलं. दीड वर्ष झुलवलं त्यांनी. आधी वयाचा दाखला, मग उत्पन्नाचा, मग रहिवासी, मग पुन्हा उत्पन्नाचा, कारण तोवर पहिल्याची मुदत संपली होती. आणि शेवटी एक ओळ: ‘अर्जदारास कमावता मुलगा असून तो सांभाळ करतो, सबब अपात्र.’

कमावता मुलगा म्हणजे मी, रविंद्र. जळगावात पाइपच्या कंपनीत ठेकेदाराकडे आहे, तपासणीच्या टेबलावर. दिवसभर पाइप बघतो, खराब निघाला की लाल खडूनं फुली मारतो. अकरा वर्षांत माझ्या नजरेतून खराब माल सुटलेला नाही. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझं रेशनकार्ड वेगळं, मायचं वेगळं, हे मी अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. तरी कुणीतरी खुर्चीत बसून लिहून टाकलं की मुलगा सांभाळ करतो. बघितलं कुणी?

माय एकोणसत्तर वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी बापू गेले, तेव्हापासून गावात एकटी असते. गुडघे गेलेत तरी लोकांच्या शेतात कपाशी वेचायला जाते. दिवाळीनंतर वेचता वेचता चक्कर येऊन सरीतच पडली. पेन्शन झाली तर तिचं शेतात जाणं थांबेल, नाहीतर एक दिवस ती तिथंच जाईल. मागणं एवढंच होतं. ते ज्यानं हाणून पाडलं त्याला मी सोडणार नाही. आज तारीख घालून लिहितो आहे, म्हणजे पुढे माझंच मन ढिलं पडलं तर हे पान मला दाखवता येईल.

१२ जानेवारी

शिल्पा म्हणाली, “पेन्शन होईल तेव्हा होईल, तोवर आपणच महिन्याला काहीतरी पाठवत जाऊ ना.” मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही, हक्काचा आहे. आज आपण पाठवायला लागलो की त्यांचं लिहिलेलं खरं ठरतं. ती म्हणाली, “खरं ठरलं तर काय बिघडतं?” बायकांना कायदा समजावणं अवघड असतं.

२७ जानेवारी

रजा टाकून तालुक्याला गेलो. पारोळ्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. ऑफिसात निराधारच्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता, तो साडेतीनला आला. फाइल काढून न दाखवताच म्हणाला, “तलाठ्याचा चौकशी अहवाल तसा आहे. समितीनं तो बघून निर्णय घेतला. आमच्या हातात काय?”

तलाठ्याचं नाव कुंदन. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, माणसं तीच. नंबर घेऊन तिथूनच फोन लावला. आवाज कोवळा आहे, तिशीचा असेल.

“भाऊ, मी घरी जाऊन चौकशी केली. आईंनी जो जबाब दिला तोच लिहिला.”

“माझ्या आईनं सांगितलं की मुलगा सांभाळतो?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “तुम्ही आईंना भेटा ना एकदा.”

हा थांबला तिथंच मला कळलं की पाणी मुरतंय. पठ्ठ्या चावडीवर बसून पंचनामे रंगवत असणार. चला, नाव मिळालं. आता वाऱ्याशी भांडायचं नाही.

गाव तिथून सहा किलोमीटर होतं. पण परतीची गाडी चुकली असती, म्हणून गेलो नाही. मायला फोन करून सांगितलं की तुझ्याच कामासाठी आलो होतो. तिला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

दीपक आमच्याच शिफ्टला आहे. माहितीच्या अधिकारात त्यानं आजवर तीन ग्रामसेवक जेरीला आणलेत. त्यानं मजकूर सांगितला, मी लिहिला. अर्जदाराच्या फाइलीतील सर्व कागद, टिपणीसह, पानांचे क्रमांक घालून. दहा रुपयांचं तिकीट लावून पोस्टात टाकला. दीपक म्हणाला, “तुझं अक्षर बघूनच घाम फुटेल त्यांना.” माझं अक्षर चांगलं आहे हे खरंच आहे.

१४ फेब्रुवारी

मायचा फोन. तिला कुणीतरी सांगितलं की मी तलाठ्याच्या मागे लागलोय.

“रवी, काय करी ऱ्हायना तू? भला माणूस शे तो. माले पानी मांगीसन पिना, खाले बसना. जाऊ दे त्याले.”

“माय, त्यानं खोटं लिहिलंय. तू त्याला काय सांगितलं होतंस?”

“मी काय सांगसू? बठ्ठं बरं शे म्हंतं. मना काय खोटं शे का त्यामा?”

सगळं बरं आहे, असं म्हणे तिनं सांगितलं. पाणी पिऊन, खाली बसून भोळ्या म्हाताऱ्या माणसाकडून अंगठा घ्यायचा, ही त्यांची पद्धतच असते. मायला वाटतं तो भला माणूस. मला अजूनच चीड आली.

शेवटी तिनं विचारलं, “कव्हय येशी?” मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. मार्चमध्ये कंपनीत रजा मिळत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

६ मार्च

तीस दिवस उलटले, माहिती नाही. माहिती अधिकारातलं अपील टाकलं. आणि आज कलेक्टर साहेबांच्या नावानं तलाठ्याविरुद्ध तक्रारही केली. खोटा पंचनामा केला, वृद्ध विधवेची फसवणूक केली.

दीपकनं वाचलं आणि म्हणाला, “यात जोर नाही. असल्या तक्रारी ते फाइलीला लावून विसरतात. पैसे मागितले, असं एक वाक्य टाक. मग बघ कशी हलते.”

मी म्हटलं, मागितले नाहीत.

“तुझ्याकडे नसतील मागितले. कुणाकडे तरी मागितलेच असतील की.”

मी अर्धा तास पेन धरून बसलो. ते वाक्य खरं नाही, हे मी इथं लिहितो, कारण ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. पण त्यानं माझ्या आईच्या नावावर एक खोटं वाक्य लिहिलं. मी त्याच्या नावावर एक लिहिलं. फिटंफाट.

२९ मार्च

तलाठ्याला नोटीस निघाली. त्याचाच फोन आला म्हणून कळलं. मी आधी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मग बोललो. तो ना ओरडला ना गयावया केली.

“भाऊ, पैशाचं तुम्ही का लिहिलं, मला माहीत नाही. माझी नोकरी चार वर्षांची आहे. पण ते राहू द्या. एकदा गावात येऊन जा. आईंशी एकट्यात बोला. मी काही सांगण्यापेक्षा ते बरं.”

पुन्हा तेच, गावात या. गावात त्याची माणसं असतील. दीपकनं रेकॉर्डिंग ऐकलं, त्याच्या मते यात धमकी नाही. मला आवाजात ती ऐकू येते.

येताना शेव आणि जिलबी घेऊन आलो. शिल्पानं विचारलं, “पेन्शन झाली का?” नाही झाली म्हटल्यावर तिनं पुडा न सोडताच फळीवर ठेवून दिला. मग मीच खाल्ली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आमच्या कॉलनीतल्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं दिली होती. विषय ‘आपले हक्क आणि आपण’. मी मायची सगळी केस मांडली. एक म्हातारी बाई, मोडके गुडघे, दीड वर्ष, आणि कागदावर एक खोटी ओळ. लोक शांत होऊन ऐकत होते. शेवटी मी म्हटलं की मी त्या माणसाला घरी बसवल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. एकजण पाठ थोपटून म्हणाला, आईसाठी असं लढणारा मुलगा बघितला नाही.

मिरवणुकीत मायचा फोन येऊन गेला, तीनदा. डीजेमुळे ऐकू आलं नाही. उद्या करीन.

२ मे

कुंदन तलाठ्याची उचलबांगडी झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, जिथं दिवसातून दोन एसट्या जातात. तोताराम आबांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, त्याची बायको? तर म्हणे पोटुशी आहे, तिला माहेरी धुळ्याला पाठवलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. कपाशीच्या सरीत पडलेली माय त्यानं बघितली नव्हती, आता त्यानं एसटीची वाट बघत उन्हात बसावं. दीपकनं चहा पाजला. शिल्पाला सांगितलं तर म्हणाली, “त्या बाईचा काय दोष होता?” ती हल्ली प्रत्येक गोष्टीत खोट काढते.

आबा फोन ठेवताना म्हणाले, “रवी, उन्हाया भलता शे. मायले एकदा देखी जाय.” मी म्हटलं, आता निकाल घेऊनच येतो.

१९ मे

फाइल आली. बावीस पानं, पोस्टानं. मी हात धुऊन बसलो, लाल पेन घेतलं. पाइप तपासतो तशीच एकेक ओळ तपासायची होती.

पान तेरा. मायचा जबाब. खाली डाव्या हाताचा अंगठा, साक्षीला तोताराम आबा आणि आणखी तीन शेजारी. मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

‘मला एकच मुलगा आहे. तो जळगाव येथे मोठ्या कंपनीत साहेब आहे. तो दर महिन्याला येतो. किराणा भरून देतो. औषधपाणी बघतो. त्याने मला घरी मिक्सर घेऊन दिला आहे. मला जळगावला चल म्हणतो पण मीच जात नाही. मला काही कमी नाही.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. इतकं खोटं रचायला डोकं लागतं. मग मिक्सर वाचला आणि हसू थांबलं. मिक्सर मी खरंच दिला होता, तीन वर्षांपूर्वी, कंपनीच्या सोडतीत लागलेला. ते तलाठ्याला कसं माहीत असणार?

पान चौदा. तलाठ्याची टिपणी:

‘अर्जदाराच्या घराचा वीजपुरवठा खंडित आहे. घरात तीन-चार दिवस पुरेल इतकेच पीठ दिसून आले. मुलगा येत असल्याच्या खुणा नाहीत. तथापि अर्जदार चौघांसमक्ष वरीलप्रमाणेच सांगतात. शेजाऱ्यांना बाहेर पाठवून पुन्हा विचारले असता त्या रडल्या, परंतु जबाब बदलला नाही. महिला कर्मचाऱ्यामार्फत फेरजबाब व्हावा ही विनंती.’

पान पंधरा समितीच्या बैठकीचं. समितीनं तेरावं पान वाचलं, चौदावं कुणी उलटलंच नाही, असं दिसतं.

चौदावं नंतर घुसडलं असेल म्हणून मी पानांचे क्रमांक, शिक्के, तारखा सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. लाल पेन वापरावंच लागलं नाही.

मायची लाइट कापलेली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. इतके जण फोन करतात.

चौदावं पान मी दीपकला दाखवलं नाही. बाकी एकवीस दाखवली. तो म्हणाला, म्हातारीला दमात घेऊन बोलायला लावलंय, सरळ दिसतंय. मी म्हटलं, हो.

४ जून, बुधवार

गावी गेलो. पेन्शन नाकारल्याविरुद्ध मी प्रांत मॅडमकडे वेगळं अपील केलं होतं, त्याची सुनावणी सतरा तारखेला लागली आहे, तिथं मायला नवा जबाब द्यायचा आहे. तो पाठ करून घ्यायला गेलो होतो.

माय ओट्यावर बसली होती. मला बघून उठायला गेली तर दोनदा खाली बसली. मग तिथूनच गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ऊना व मना रवी. दर महिनाले येस, तरी या खेपले उशीरच व्हयना त्याले.” समोरच्या घरातून एक बाई म्हणाली, “हां ना माय, देखतस ना आम्ही.” आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

घरात मिक्सर फळीवर आहे, खोक्यासकट, वर प्लास्टिक. तीन वर्षांत एकदाही चालवलेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलाय. लाइट कधी गेली विचारलं तर म्हणाली, “माले रातले काय वाचाले लागस?”

मी तिला समोर बसवलं. शांतपणे सांगितलं की सतरा तारखेला मॅडम विचारतील, तेव्हा म्हणायचं, मुलगा वेगळा राहतो, मला सांभाळत नाही. म्हण बरं. ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली. पुन्हा सांगितलं. पाचव्यांदा माझा आवाज चढला.

“माय, तेवढं एक वाक्य म्हटलंस की तुझं शेतात जाणं बंद होतं. कळतं का तुला?”

“कळस.”

“मग?”

“तुना बाप गया तव्हय बठ्ठा म्हंतस, द्रौपदाले एक पोऱ्या शे, तिले काय भ्याव. आते त्याच माणसेसमोर मी सांगू की तू माले देखस नही? मना तोंडमा नही येत ते, भाऊ. मी वेचाले जासू, माले चालस.”

मी तिला बरंच बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिनं माझ्यासाठी भाकरी टाकली होती, ती खाऊन संध्याकाळच्या गाडीनं निघालो. पिठाचा डबा बघितला. तीन-चार दिवसांचंच होतं, तलाठ्यानं बरोबर मोजलं होतं.

१७ जून

सुनावणी. मायला गाडी करून नेलं. तिनं पांढरी, निळ्या काठांची साडी नेसली होती, जयंतीला नेसते ती.

प्रांत मॅडम वयानं लहान आहेत. त्यांनी मायला खुर्ची दिली आणि हळू विचारलं, “मावशी, मुलगा तुम्हाला सांभाळतो का?” खोलीत मी, कारकून, शिपाई आणि गावचे दोघं होते. मी मायकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“हां ना माय. मना पोऱ्या बठ्ठं करस मनं. आठे बी त्यानीच आनं माले, गाडीमा.”

माझा तोल गेला. मी उभा राहून ओरडलो, “खोटं बोलतेय ती, मॅडम.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही आईला सांभाळत नाही?”

साधा प्रश्न होता. हो किंवा नाही. याच उत्तरासाठी मी पाच महिने रजा घालवल्या, एका माणसाला डोंगराच्या पायथ्याला पाठवलं. शिपाई बघत होता, गावचे दोघं बघत होते. मी म्हणालो, “तसं नाही, म्हणजे कागदोपत्री.” कारकून हसला. त्याचं हसणं मी विसरणार नाही.

मॅडम म्हणाल्या, “आई हो म्हणतात, तुम्ही नाही म्हणत नाही. पंधरा दिवसांत तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या, नाहीतर हे प्रकरण मी कायमचं बंद करते.”

परत येताना गाडीत माय म्हणाली, “सायबीनना सामने मायवर असं वरडू नही. लोके काय म्हनतीन तुले?” आणि झोपली.

२८ जून

कोर्टासमोर रोहिणी नावाची टायपिस्ट आहे. दीपक बरोबर यायला तयार होता, मी नको म्हटलं.

तिनं विचारलं, “कधीपासून सांभाळत नाही?”

मी म्हटलं, असं लिहा की इच्छा असूनही परिस्थितीमुळे.

“परिस्थिती लिहिली तर पगाराची स्लिप जोडावी लागेल. जोडायची का?”

नको म्हटलं.

“मग साधं लिहिते. कधीपासून?”

“सात वर्षं.”

“या सात वर्षांत काही दिलं? नंतर वांधा नको.”

“एक मिक्सर.”

तिनं मान वर करून बघितलं नाही, हे तिचे उपकार. खडखड करून कागद काढला. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी माझी आई द्रौपदाबाई हिचा गेल्या सात वर्षांपासून कोणताही सांभाळ करीत नाही व पुढेही करण्याची हमी देऊ शकत नाही.’ पुढचं अर्धं वाक्य का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्याशिवाय पेन्शन मंजूर होत नाही. मी सही केली. माझी सही नेहमी स्वच्छ येते, आज अक्षरं एकमेकांवर चढली.

घरी कागद टेबलावर ठेवला होता. शिल्पानं वाचला आणि परत घडी घालून ठेवला. मग जेवायला वाढलं.

२२ जुलै

तलाठ्याच्या चौकशीत माझा जबाब होता. कुंदनला आज पहिल्यांदा समोरासमोर बघितलं. बारीक आहे, उन्हानं रापलाय. मुलगी झाली म्हणे, त्यानं अजून तिला एकदाच पाहिलंय. चौकशी अधिकारी आत होते तोवर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो.

त्यानं विचारलं, “आईंची पेन्शन झाली का?”

“होईल.”

“बरं झालं. मला तेव्हा वाटलं होतं, मीच लिहून टाकावं की नाही सांभाळत. पण त्यांचा अंगठा होता खाली. त्यांना खोटं पाडायला जीव धजला नाही.”

तो हे चांगलं वागून दाखवायला बोलत होता की खरंच, मला सांगता येत नाही. पण त्याच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यानं माझं घर आतून बघितलंय. पीठ बघितलंय. मायला रडताना यानं बघितलं, मी नाही.

आत अधिकाऱ्यांनी विचारलं, पैशाची मागणी झाली हे खरं आहे का. मागे घ्यायचं असेल तर आत्ता घेता येईल, म्हणाले. मी म्हणालो, खरं आहे. आता मी एकट्यानंच का नागवं व्हायचं? कुणाकडे किती मागितले, त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. बाहेर येताना कुंदनकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. तो उठून उभा राहिला होता, मोठा माणूस येताना उठतात तसा.

३० जुलै

शिल्पानं विचारलं, चौकशीत काय सांगितलं. मी सांगितलं. तिनं आमच्या पोराची शाळा, किराणा, सगळ्याची सोय लावली आणि मग म्हणाली, रविवारी मी एकटीच गावी जाऊन येते. पीठ घेऊन गेली. लाइटचं बिलही तिनंच भरलं, हे मला नंतर कळलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पेन्शन मंजूर झाली. पहिला हप्ता मायच्या खात्यात जमा झाला. जिंकलो.

संध्याकाळी तोताराम आबांचा फोन आला. तेरा नंबरच्या पानावर साक्षीला सही करणारे आबा. ज्यांना सगळं माहीत आहे, प्रतिज्ञापत्राचंही, कारण त्याची प्रत गावात आली होती आणि ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचली गेली होती. मागून बायकांचा गलका येत होता.

“रवी, भला पोऱ्या शे रे तू. तुनी माय गल्लीमा पेढा वाटी ऱ्हायनी. म्हने, मना रवीनी पैसा धाडात, आते दर महिनाले धाडाव शे, माले वेचाले जाऊ देस नही. खरं ना?”

गलका थांबला होता. फोन स्पीकरवर होता हे माझ्या लक्षात आलं. तिथं दहा-बारा जण असतील, त्यातल्या एकालाही हे खरं वाटत नव्हतं, आणि माझ्या उत्तरासाठी सगळे थांबले होते.

“हो आबा,” मी म्हणालो. “मीच पाठवले.”

“हां,” आबा म्हणाले. फोन मायकडे गेला. तिनं स्पीकर बंद करायला लावला असावा, कारण तिचा आवाज एकदम कानाशी आला, अगदी हळू.

“तू हो म्हना ना?”

“हो माय.”

“बरं करं. दर महिनाले आबा इचारतीन. दर महिनाले असंच म्हनजो.”